इतिहासाची पीएच.डी. करताना कविता सोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांवर पीएच.डी. चालू आहे, तिसरं वर्ष लागलंय. कविता शाळेपासून लिहिता, काही छापूनही आल्या आहेत. परवा मार्गदर्शकांनी एक प्रकरण परत केलं आणि म्हणाले, 'कविता आता बाजूला ठेवा, ती तुमच्या प्रबंधात डोकावायला लागली आहे.' इतिहासाचं संशोधन आणि कविता दोन्ही आयुष्यभर सांभाळलेलं कुणी आहे का, आणि असेल तर त्यांना ते कसं जमलं, असं तुम्ही विचारलंय.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवत निवृत्त झालो. मोडी कागदांत बसणं आणि कविता लिहिणं, दोन्ही अजून चालू आहे. तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं मला सरसकट चुकीचं वाटत नाही. मात्र त्यांच्या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत, त्या आधी सुट्या करून घेऊ. पहिली वेळेची: फेलोशिपची मुदत सरत चाललीय आणि तुमचं लक्ष दुसरीकडे आहे. दुसरी पुराव्याची: कागदात नसलेलं काहीतरी तुमच्या प्रकरणात शिरतंय. वेळेची तक्रार वेळापत्रकाने मिटते. दुसरी तशी मिटत नाही, कारण कवितांची वही कपाटात कुलूपबंद केली तरी कल्पना करणारं मन प्रबंध लिहायला तुमच्याबरोबर बसणारच. म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: कागद जिथे गप्प होतो, तिथे तुम्ही काय करता?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. विषय महसुलाच्या आकडेवारीचा आहे की माणसांच्या जगण्याचा, यावर बरंच ठरतं. प्रबंध इंग्रजीत आणि कविता मराठीत असेल तर निम्मं अंतर आपोआप पडतं. दोन्ही मराठीत असतील तर जास्त जपावं लागतं. घरची जबाबदारी किती, नोकरीची घाई किती, हेही आहेच. कवितासंग्रहामुळे प्राध्यापकीच्या मुलाखतीत वजन वाढेल असं मात्र धरून चालू नका.

आता 'असं कुणी आहे का' याकडे येतो. पुष्कळ आहेत. आपल्याकडेच मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे पाहा. पटवर्धनांच्या दप्तरातले कागद निवडून, लावून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले आणि त्याच हाताने महाकाव्य आणि नाटकं लिहिली. अमेरिकेत पीटर व्हिएरेक माउंट होलिओक कॉलेजात रशियाचा इतिहास शिकवत होते आणि 1949 चं कवितेचं पुलित्झर त्यांना मिळालं. पण तुमच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला कॅरिबियन बेटांवरच्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव कमाऊ ब्रेथवेट. त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध आणि स्वतःचं सर्वांत गाजलेलं काव्य एकाच काळात लिहिलं. म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

ब्रेथवेट यांचा जन्म 11 मे 1930 चा, बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊनमधला. मूळ नाव लॉसन एडवर्ड. 'कमाऊ' हे नाव पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात मिळालेलं. हॅरिसन कॉलेजातून शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात गेले आणि 1953 मध्ये इतिहासाची पदवी घेतली. त्यानंतर बहुतेक हुशार मुलं एकतर इंग्लंडात राहत किंवा बेटावर परतून वकिली, मास्तरकी करत. हे 1955 मध्ये पश्चिम आफ्रिकेत गोल्ड कोस्टला शिक्षण खात्यात नोकरीला गेले. 1957 मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत त्या वसाहतीचा स्वतंत्र घाना झाला. 1962 पर्यंत ते तिथेच होते.

ही घानातली वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. ते तिथे शाळेतल्या मुलांसाठी नाटकं लिहीत होते आणि खेडोपाडी फिरत होते. आकान लोकांत अटुंपान नावाच्या ढोलांची जोडी असते. तो ढोल बोलतो, म्हणजे भाषेतले चढउतार तालावर काढतो, आणि राजांच्या वंशावळी, पूर्वजांची आवाहनं त्यातून ऐकवली जातात. केंब्रिजमध्ये लेखी कागदावर तयार झालेला इतिहासाचा पदवीधर इथे कागदाशिवाय टिकलेला इतिहास ऐकत होता. पुढे 'मास्क्स' या काव्यात हा ढोल आला. पण तो तिथे रंगत आणण्यासाठी आलेला नाही. कागद नसलेल्या समाजालाही स्वतःचं काल-परवाचं नीट आठवतं, हे त्यांनी शिक्षण खात्याची नोकरी करता करता पाहिलं होतं आणि त्या पाहण्यातून तो ढोल काव्यात उतरला.

1962 मध्ये ते कॅरिबियनला परतले, आधी सेंट लुशिया आणि मग 1963 पासून जमैकात, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना इथल्या इतिहास विभागात. 1965 मध्ये पीएच.डी.साठी इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात गेले. आता पुढची तीन वर्षं तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या शेजारी ठेवून पाहा. 1966 च्या अखेरीस जॉन ला रोझ आणि अँड्र्यू साल्की यांच्याबरोबर त्यांनी लंडनमध्ये कॅरिबियन कलावंतांची एक चळवळ उभी केली. 1967 मध्ये 'राइट्स ऑफ पॅसेज' हे काव्य आलं आणि त्याचं सबंध वाचन त्यांनी लंडनच्या एका नाट्यगृहात केलं. 1968 मध्ये 'मास्क्स' आलं, त्याच वर्षी पीएच.डी. पूर्ण झाली. 1969 मध्ये 'आयलंड्स' आलं. ही तिन्ही काव्यं पुढे 1973 मध्ये 'द अरायव्हन्ट्स' या नावाने एकत्र निघाली. प्रबंध 1971 मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापला. म्हणजे काव्यं आणि प्रबंध दोन्ही ऑक्सफर्डच्याच छापखान्याच्या छत्राखाली बाहेर पडलं.

प्रबंधाचा विषय होता 1770 ते 1820 या काळातल्या जमैकातल्या क्रिओल, म्हणजे बेटावरच मिसळून घडलेल्या, समाजाची घडण. तो वाचताना हा माणूस कवी आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. बेटाच्या विधिमंडळाचं कामकाज, वर्तमानपत्रं, मळेवाल्यांची लिखाणं, लोकसंख्येच्या नोंदी, कुणाकडे किती सत्ता होती आणि ती कशी चालत होती, असं पायरीपायरीने ते जातात. त्या काळात अभ्यासकांत एक मोठा वाद होता. ऑर्लंडो पॅटरसन यांनी 1967 च्या पुस्तकात जमैकातली गुलामगिरी म्हणजे समाज मोडून पडण्याची कहाणी, असं मांडलं होतं. एम. जी. स्मिथ या मानववंशशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की वेस्ट इंडीजमध्ये वेगवेगळे समाज एकमेकांशेजारी राहतात, पण एक होत नाहीत. (हे स्मिथही तरुणपणी कविता लिहायचे. त्या पिढीत हे काही नवलाचं नव्हतं.) ब्रेथवेट यांनी तिसरी बाजू घेतली. मालक आणि गुलाम, गोरे आणि काळे, इतक्या क्रूर व्यवस्थेतही एकमेकांच्या सहवासाने बदलत होते आणि त्यातून एक नवा समाज घडत होता, मग तो कितीही विषम असो. या मांडणीवर आक्षेपही आले. मिसळण्याची गोष्ट सांगताना चाबूक आणि झगडा मागे पडतो, असं काही अभ्यासकांनी दाखवलं, आणि त्यात मला तथ्य वाटतं. पण आक्षेप घेणाऱ्यांनाही त्या पुस्तकाला वळसा घालून जाता आलेलं नाही.

आता तुमच्या मार्गदर्शकांच्या तक्रारीचा मुद्दा. गुलामांनी स्वतः लिहिलेलं त्या काळातलं फारसं काही जमैकात उरलेलं नाही. त्यांच्या अंत्यविधींबद्दल, नाचांबद्दल, वाद्यांबद्दल जे कळतं ते एडवर्ड लाँगसारख्या मळेवाल्याकडून. लाँगचा जमैकाचा इतिहास 1774 चा, तीन खंडांचा, आणि काळ्या माणसांबद्दल तिरस्काराने भरलेला. पण त्याने पाहिलं बरंच होतं. असा साक्षीदार कसा वाचायचा? त्याचा तिरस्कार बाजूला काढायचा, त्याचं निरीक्षण दुसऱ्या कुणाच्या निरीक्षणाशी ताडून पाहायचं, आणि जे उरेल ते 'अमुक असं सांगतो' म्हणून लिहायचं. ब्रेथवेट यांनी गुलामांच्या लोकसंस्कृतीवरचं प्रकरण याच शिस्तीने लिहिलंय. कवी म्हणून त्यांच्या मनात त्या माणसांचे आवाज घुमत असणार, कारण त्याच वर्षांत ते काव्य लिहीत होते. पण प्रबंधात ते आवाज त्यांनी येऊ दिले नाहीत.

काव्यात मात्र ते आले. 'राइट्स ऑफ पॅसेज'मध्ये 'द डस्ट' नावाची कविता आहे. बार्बाडोसच्या एका खेड्यातल्या दुकानात बाया जमल्यात. एव्ही, मेझी, मॉड, ऑलिव्ह. एकमेकींची विचारपूस चाललीय, दुखणीखुपणी निघतायत, देवाची आठवण काढली जातेय. बोलता बोलता विषय निघतो तो धुळीचा: कुठल्याशा बेटावर डोंगर फुटला आणि त्याची राख इथवर आली. बेट नक्की कोणतं, कुणालाच ठाऊक नाही. तिथल्या लोकांची बोली आपल्याला कळत नाही म्हणे, एवढी ऐकीव माहिती. आणि मग त्यांच्या तोंडून येतं की काही कारण नसताना, अचानक, उभी पिकं मरायला लागतात, असं का व्हावं?

इतिहासकार म्हणून यावर काय लिहाल? सेंट व्हिन्सेंट बेटावरचा सूफ्रिएर ज्वालामुखी 1902 मध्ये भडकला आणि त्याची राख समुद्र ओलांडून बार्बाडोसवर पडली, हे नोंदलेलं आहे. तुम्ही तारीख लिहाल, अंतर लिहाल, वाऱ्याची दिशा लिहाल. कवितेतल्या बायांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे अर्धवट माहिती आहे, भीती आहे आणि एक प्रश्न आहे. ब्रेथवेट यांनी त्यांचं अज्ञान दुरुस्त केलं नाही. कवितेला टीप लावून 'प्रत्यक्षात असं झालं' असंही सांगितलं नाही. संकट माणसांपर्यंत ज्या रूपात पोचतं त्या रूपातच त्यांनी ते ठेवलं. इतिहासाच्या पुस्तकात हे असं ठेवायला जागा नाही, आणि नसावीही.

दुसरी कविता क्रिकेटची आहे, 'राइट्स' नावाची, 'आयलंड्स'मधली. (हे नाव पहिल्या काव्याच्या नावासारखं ऐकू येतं, पण इथे अर्थ विधी.) एक शिंपी दुकानात शिवत बसलाय आणि शिवता शिवता ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवरच्या सामन्याची हकीकत सांगतोय. इंग्लंडहून आलेला संघ, फलंदाजीला क्लाइड वॉलकॉट, प्रेक्षकांत नुसता कल्ला. आणि मग घसरण. शिंप्याचं म्हणणं असं की सगळं ठीक चाललेलं असताना आम्हाला कुणी हात लावू शकत नाही, पण कठीण वेळ आली की बाजू सावरायला माणूस सापडत नाही. वसाहतीतल्या माणसाचा आत्मविश्वास आणि त्याची भीती यावर इतिहासाच्या परिभाषेत कितीही पानं लिहिता येतील. इथे ते एका शिंप्याच्या कुरकुरीत आलंय, आणि ती कविता मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर संघ कोसळल्यावर जे बोललं जातं ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना ती लगेच भिडेल.

या बोलीतल्या कवितांमागे त्यांचा एक विचार होता आणि तो त्यांनी 1979 च्या एका व्याख्यानात मांडला. बेटांवरच्या शाळांत मुलांना इंग्लंडचा निसर्ग शिकवला जायचा. कधीही न पाहिलेल्या बर्फावर निबंध लिहायचा म्हटल्यावर एखादं मूल लिहून जायचं की उसाच्या शेतांवर बर्फ पडत होता. ब्रेथवेट यांना ते वाक्य प्रिय होतं, कारण पुस्तकातला बर्फ आणि डोळ्यांसमोरचा ऊस त्यात एकत्र आले होते. वादळ काही पाच गणांच्या इंग्रजी वृत्तात (पेंटामीटरमध्ये) गर्जत नाही, हे त्यांचं वाक्य त्याच व्याख्यानातलं. त्यात त्यांनी बीबीसीचे क्रिकेट समालोचक जॉन आर्लट यांचंही नाव घेतलंय. इंग्लंडच्या खेड्याचा लहेजा न लपवता हा माणूस रेडिओवर बोलू शकतो, मग आपण आपल्या बोलीत का लिहू नये, असं बेटावरच्या पोरांना वाटलं.

एक प्रसंग त्यांनी बरेचदा सांगितलाय. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर एक म्हातारी रोज सकाळी अंगणातली वाळू झाडत असायची. समुद्र रोज नवी वाळू आणणार, ही रोज झाडणार. हे कशासाठी, हे त्यांना कळेना. एका पहाटे उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहताना त्यांना तिचे पाय पाण्यावरून चालल्यासारखे दिसले, आफ्रिकेकडून त्या किनाऱ्याकडे येणारे. तिथून त्यांची इतिहासाची कल्पना पक्की झाली: आमचा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, तो लाटेसारखा पुढे येतो, मागे जातो, पुन्हा येतो. हे दर्शन कवीचं, त्याची मांडणी अभ्यासकाची. पण प्रबंधात त्यांनी ती म्हातारी पुरावा म्हणून उभी केली नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही ऐकून ठेवायला हवी. सेंट लुशियाचे डेरेक वॉलकॉट, ज्यांना 1992 मध्ये नोबेल मिळालं, त्यांना कवीने इतिहासाचं ओझं वाहणं मान्य नव्हतं. 1974 च्या एका निबंधात त्यांनी लिहिलं की इतिहासाला काव्यदेवता केलं की कविता एकतर गाऱ्हाणी सांगते नाहीतर सूड मागते. ब्रेथवेट यांच्या दुबळ्या ओळी वाचताना मला वॉलकॉट आठवतात. 'एक्स/सेल्फ' या 1987 च्या काव्याला शेवटी टीपा आहेत, आणि काही जागी कविता टीपांवर रेलून उभी राहते. पण 'द डस्ट' आणि 'राइट्स'पुढे वॉलकॉट यांचा आक्षेप टिकत नाही.

त्यांना हे जमलं ते एकट्याच्या बळावर नाही. पत्नी डोरिस यांनी त्यांच्या सगळ्या प्रकाशित लिखाणाची सूची तयार केली, 1948 पासूनची. 1986 मध्ये डोरिस कर्करोगाने गेल्या. 1988 च्या सप्टेंबरमध्ये गिल्बर्ट चक्रीवादळाने किंग्स्टनवरच्या डोंगरातलं त्यांचं घर आणि तिथला संग्रह, हस्तलिखितं, ध्वनिफिती, पत्रं, चिखलाखाली घातला. 1990 मध्ये किंग्स्टनमध्ये घरात शिरून चोरांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर ते न्यूयॉर्क विद्यापीठात गेले, तेही तौलनिक साहित्याच्या विभागात. त्या काळात ते संगणकावर अक्षरांचे आकार बदलत, पानभर पसरणाऱ्या नव्या तऱ्हेच्या कविता करू लागले. 1994 मध्ये न्यूस्टाट पुरस्कार आणि 2006 मध्ये ग्रिफिन पुरस्कार मिळाला. 4 फेब्रुवारी 2020 रोजी बार्बाडोसमध्ये ते वारले. म्हणजे आयुष्याचा उत्तरार्ध कवीकडे झुकला, हे खरंच आहे. दोन्ही पारडी शेवटपर्यंत सारखी राहतील अशी अपेक्षा तुम्हीही ठेवू नका.

एवढ्यावरून तुमच्यापुरतं हाताशी येतं ते असं. त्यांनी एकाच विषयावर दोन्हीकडून काम केलं, पण दोन्हीकडचे नियम वेगळे ठेवले. प्रबंधात प्रत्येक वाक्यामागे कागद. कवितेत कागदाला न ऐकू येणारी माणसं, आणि तीही बोलीसकट.

आता माझ्या स्वतःच्या कामातलं एक सांगतो, कारण तुमचा काळही अठराव्या शतकाचाच आहे. पेशवाईत कुणबिणी होत्या, विकत घेतलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या बाया. कोठीवर, पागेवर, घरकामाला. दप्तरात त्यांच्या याद्या सापडतात. एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, अशी यादी माझ्यासमोर आली: नाव, अदमासे वय, किंमत. पुढची ओळ, तसंच. बोरूचं अक्षर एका लयीत चाललंय, आणि एका नावावर शाई संपत आलीय, अर्धं नाव फिकं, उरलेलं गडद. कारकुनाने मध्येच बोरू दौतीत बुडवला असणार.

लेखात मी काय लिहिलं? किंमती वयानुसार कशा बदलतात, विक्री कुणी कुणाला केली, काम काय नेमून दिलं. फिक्या शाईबद्दल एक अक्षर नाही, कारण त्यावरून काही सिद्ध होत नाही. कविता लिहिली ती मात्र त्या फिक्या-गडद नावावरच. त्या कवितेत बोलतो तो कारकून. तिच्या तोंडी मी शब्द घातले नाहीत. ब्रेथवेट यांना ते करता आलं, कारण त्यांच्या आजूबाजूला ती बोली, ती गाणी, त्या आठवणी जिवंत होत्या. त्या गुलामांची नातवंडं-पतवंडं ते रोज बोलताना ऐकत होते. माझ्याकडे कुणबिणीची बोली नाही. माझ्याकडे कारकुनाची आहे, ती कागदाने मला दिलीय. म्हणून मी तिथवरच गेलो. तुमच्या विषयात कोणाचा आवाज तुमच्यापर्यंत खरोखर पोचतो, हे तुम्हालाच शोधावं लागेल. पोवाडे, ओव्या, जात्यावरची गाणी हाताशी असतील तर तुम्ही माझ्यापेक्षा पुढे जाऊ शकाल.

परत आलेल्या प्रकरणाचं काय करायचं ते सांगतो. ते छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. 'असेल', 'वाटलं असावं', 'नक्कीच', 'डोळ्यांसमोर उभं राहतं' असं जिथे जिथे आलंय तिथे खूण करा. माणसांच्या मनातलं सांगणारं प्रत्येक क्रियापद तपासा: घाबरली, हळहळला, संतापले. प्रत्येकाला विचारा, यामागे कोणता कागद? कागद असेल तर संदर्भ द्या, वाक्य राहू द्या, भले ते कितीही काव्यमय असो. एखाद्या पत्रात 'जीव थोडा थोडा झाला' असं लिहिलेलं असेल तर ते तुमचं काव्य नाही, तो पुरावा आहे. कागद नसेल तर ते वाक्य तिथून उचला आणि कवितेच्या वहीत लिहा. फेकू मात्र नका. अशी वाक्यं बहुतेकदा पुढच्या कवितेचं बीज असतात, आणि फेकलीत तर ती पुढच्या प्रकरणात परत येतील.

वह्या दोन ठेवा, पण कवितेच्या वहीच्या समासात रुमाल क्रमांक आणि कागदाची तारीख लिहीत जा. मी हे नेहमी करतो. त्यामुळे कोणती कविता कुठल्या कागदातून निघाली हे वर्षांनंतरही सापडतं, आणि त्याच कागदाकडे परत जाऊन इतिहासाचा एखादा नवा प्रश्नही सुचतो. ब्रेथवेट यांच्या घराचं काय झालं ते वर वाचलंतच. तुमच्या टिपणांच्या आणि कागदांच्या फोटोंच्या प्रती दुसऱ्या गावात कुणाकडे तरी ठेवा, आणि एक प्रत ऑनलाइन असू द्या.

वेळेचं म्हणाल तर प्रकरण लिहिण्याच्या महिन्यांत कविता लिहायला हरकत नाही, छापायला पाठवू नका. कविता लिहिण्याने थकवा येत नाही. संपादकांशी पत्रव्यवहार, दिवाळी अंकांच्या तारखा, कविसंमेलनं, कार्यक्रमांचे फोटो, यात मात्र आठवडे जातात. प्रबंध सादर होईपर्यंत हे सगळं थांबवलं तरी कवितेचं काही बिघडत नाही.

मार्गदर्शकांशी याबद्दल सरळ बोला. कविता सोडली असं खोटं सांगू नका आणि लपूनछपून लिहूही नका. पेन्सिलीने तपासलेलं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवा आणि सांगा की प्रत्येक विधानामागचा कागद आता दाखवता येईल. इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा जास्त काही नको असतं. तरीही ते अडून बसले तर प्रबंधापुरतं त्यांचं ऐका आणि त्यांच्यासमोर कवितेचा विषय काढू नका. पण त्या वर्षांतलं कवितेचं लेखन वाया जाऊ देऊ नका.

वाचायला सुरुवात करायची तर आधी ब्रेथवेट यांच्या प्रबंधातलं गुलामांच्या लोकसंस्कृतीवरचं प्रकरण वाचा, तळटीपांसकट. त्यानंतर 'द डस्ट' आणि 'राइट्स' मोठ्याने वाचा. त्यांच्या वाचनाची ध्वनिमुद्रणं आहेत, ती मिळाली तर आधी ऐका. 'मदर पोएम' हे बार्बाडोसवरचं 1977 चं काव्य त्यानंतर घ्या. 'एक्स/सेल्फ' प्रबंध सादर केल्यावर वाचा, आत्ता हातात घेतलंत तर टीपांचा मोह होईल.